ओहलांगे : स्वतःच्या जमिनीवर लावलेले वळण

डर्बन शहराच्या उत्तरेला इनांडा नावाचा टेकड्यांचा टापू आहे. आफ्रिकेच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्याने एकदा तरी नकाशावर बोट ठेवून पाहावा असा हा भाग. अमेरिकन मिशनऱ्यांनी 1869 मध्ये मुलींसाठी काढलेली इनांडा सेमिनरी इथेच आहे. गांधीजींची फिनिक्स वसाहत 1904 मध्ये याच परिसरात उभी राहिली आणि इसाया शेंबे यांच्या नाझरेथ संप्रदायाचे मुख्य तीर्थस्थानही इथलेच. या सगळ्यांच्या शेजारी 1901 मध्ये झुलू ख्रिश्चन इंडस्ट्रियल स्कूल नावाची एक शाळा सुरू झाली. पुढे ती ओहलांगे या नावाने ओळखली जाऊ लागली. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय माणसाने काढलेली आणि चालवलेली ती पहिली शिक्षणसंस्था. तिला आता सव्वाशे वर्षे होत आहेत.

संस्थापक जॉन लांगालिबालेले डुबे यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1871 रोजी इनांडातच झाला. आजी मिशनच्या पहिल्या पिढीतील ख्रिस्ती, वडील जेम्स डुबे मिशनच्या चर्चमध्ये पाद्री, आणि घराण्याचे नाते अमाकादी या जमातीच्या प्रमुखांशी. मिशन आणि जमात या दोन्हींत या मुलाचा पाय होता. पुढे त्यांनी जे उभे केले त्यात हे दोन्ही धागे स्पष्ट दिसतात. शालेय शिक्षण अमान्झिमटोटी इथल्या मिशनच्या विद्यालयात झाले. 1887 मध्ये विल्यम विलकॉक्स या मिशनऱ्याबरोबर ते अमेरिकेला गेले. वय अवघे सोळा. ओहायो राज्यातल्या ओबर्लिनमध्ये मिळेल ते काम करून त्यांनी शिक्षण घेतले. तरुण वयातच त्यांनी आपल्या देशाविषयी एक छोटी पुस्तिका छापून घेतली. छापील शब्दावरचा हा विश्वास आयुष्यभर त्यांच्यासोबत राहिला.

मायदेशी परतल्यावर 1894 मध्ये त्यांचा विवाह नोकुटेला म्दिमा यांच्याशी झाला. नोकुटेला इनांडा सेमिनरीत शिकलेल्या, उत्तम गाणाऱ्या आणि स्वतः शिक्षिका. 1896 मध्ये दोघे पुन्हा अमेरिकेला गेले. ब्रुकलिनमध्ये डुबे यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. पण या वारीत त्यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती अलाबामा राज्यातल्या टस्कीगीत.

मराठी वाचकाला टस्कीगीची ओळख करून द्यावी लागत नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने 1981 पासून ती घरोघरी पोहोचवली आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1881 मध्ये काढलेल्या या संस्थेत विद्यार्थी स्वतः विटा भाजत, त्याच विटांनी वर्ग बांधत आणि शेतात पिकवलेलेच ताटात घेत. कृषिशास्त्रज्ञ कार्व्हर तिथे 1896 च्या शरद ऋतूत रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी डुबे तिथे पोहोचले. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची मुले आपल्या हातांनी विद्यापीठ उभारत आहेत, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. अशीच शाळा इनांडाला काढायची, हे त्यांच्या मनाने घेतले. पुढची दोन वर्षे दोघांनी अमेरिकेतल्या चर्चमधून भाषणे दिली, नोकुटेलांनी झुलू गाणी म्हटली आणि देणगीदारांची एक समिती जमवली. 1899 मध्ये ते परतले तेव्हा गाठीशी पैसा फार नव्हता, पण आराखडा पक्का होता.

म्कावे या अमाकादी प्रमुखांच्या पाठिंब्याने इनांडाच्या उतारावर जागा मिळाली. वर्ग, वसतिगृह, कार्यशाळा आणि शेत असा पसारा हळूहळू वाढत गेला. सुतारकाम, चर्मकाम, लोहारकाम, शिवणकाम, छपाई आणि शेती हे विषय इंग्रजी, गणित आणि बायबलच्या बरोबरीने चालत. मुले मका आणि रताळी पिकवत, बाके बनवत, भिंती उभारत. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलाला अंगमेहनतीतून ती फेडता येई.

इथे जरा थांबायला हवे, कारण या संस्थेच्या इतिहासाचा गाभा इथे आहे. काळ्या माणसाला कामाचे वळण लावले पाहिजे ही भाषा त्या काळी डर्बन ज्या ब्रिटिश वसाहतीत होते त्या नाताळमध्ये सर्वत्र ऐकू येत असे. ऊसमळ्यांचे मालक ती बोलत, सरकारी अधिकारी बोलत, वर्तमानपत्रे बोलत. झोपडी-कर याच भाषेत समजावला जाई : कर भरायला रोकड लागेल, रोकडीसाठी माणूस मळ्यावर किंवा खाणीत जाईल आणि तिथे त्याला शिस्त लागेल. म्हणजे पहाटे कोणी उठवायचे, दिवसभर कोणासाठी राबायचे आणि संध्याकाळी हातात काय पडायचे, हे सगळे दुसऱ्याने ठरवलेले. डुबे यांनी तोच शब्द उचलला, पण त्याची जागा बदलली. त्यांच्या शाळेत मुलगा पहाटे उठे तो स्वतःच्या शेतासाठी. तो वेळ पाळे तो आपल्याच लोकांनी आखलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. त्याने बनवलेल्या खुर्चीवर त्याचाच शिक्षक बसे आणि तो शिक्षक त्याच्याच भाषेत बोलत असे. कष्ट तेच, घाम तोच. त्या कष्टांचा मालक मात्र बदलला होता. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना हा फरक चटकन कळला. गोऱ्या कारागिरांना काळ्या सुतारांची स्पर्धा नको होती आणि गोऱ्या देखरेखीबाहेरचे प्रत्येक आफ्रिकन चर्च व शाळा अधिकाऱ्यांच्या संशयाच्या यादीत असे. सुरुवातीच्या वर्षांत सरकारी मदतीसाठी संस्थेला ताटकळावे लागले. शाळा मुख्यतः अमेरिकेतून येणाऱ्या देणग्यांवर आणि मुलांच्या श्रमावर चालली.

सवयी लावायच्या म्हणजे केवळ हाताच्या नव्हेत, हे डुबे दांपत्याला नीट उमगले होते. वाचायची सवय लागायला वाचण्याजोगे काहीतरी हवे. म्हणून 1903 मध्ये ‘इलांगा लासे नाताल’ म्हणजे ‘नाताळचा सूर्य’ हे साप्ताहिक निघाले. ते झुलू आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघे. थोड्याच काळात संस्थेचा स्वतःचा छापखाना झाला आणि खिळे जुळवणे हा शाळेतल्या शिक्षणाचाच भाग ठरला. मुले सकाळी वर्गात व्याकरण शिकत आणि नंतर त्याच भाषेतल्या बातम्या खिळ्यांनी जुळवत. करवाढ, जमीन, न्यायालये, गावोगावच्या सभा, लग्ने, मृत्यू हे सगळे त्यांच्या हाताखालून जाई. कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या कामातून त्यांना आपला समाज अधिक कळला असणार, असे मला वाटते.

गाण्याचेही तसेच. मिशनच्या शाळांत स्तोत्रे शिकवली जात. लग्नातली, नाचातली, प्रेमाची झुलू गाणी त्याज्य मानली जात. नोकुटेलांनी संगीत, शिवण आणि स्वयंपाक शिकवायला घेतला आणि 1911 मध्ये जॉन यांच्यासह ‘अमागामा अबांटू’ हा झुलू गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात धार्मिक गाण्यांबरोबर लोकजीवनातली गाणीही होती. शाळेत आलेल्या मुलाला आपल्या आजीच्या गाण्याची लाज वाटू नये, ही जाण या कामामागे होती. आज ‘आफ्रिका-केंद्री शिक्षण’ म्हणून जो विचार ओळखला जातो त्याला मोलेफी असांते यांनी 1980 च्या त्यांच्या पुस्तकाने सैद्धांतिक रूप दिले. ओहलांगेचे संस्थापक त्या अर्थाने आफ्रिका-केंद्री नव्हते. ते ख्रिस्ती होते, सूट घालत, व्हिक्टोरियन शिष्टाचार पाळत आणि ‘सुधारणा’ हा शब्द श्रद्धेने उच्चारत. पण शाळेचा मालक, मुख्याध्यापक, शेतकरी, मुद्रक आणि गायक हे सगळे आफ्रिकन असणे ही गोष्ट त्या काळात कोणत्याही सिद्धांताइतकीच मूलगामी होती.

फिनिक्स वसाहत इथून जवळच होती. ऑगस्ट 1905 मध्ये साखर कारखानदार मार्शल कॅम्पबेल यांच्या माउंट एजकोम येथील घरी ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेच्या पाहुण्यांसमोर डुबे यांनी भाषण केले. कॅम्पबेल हे संस्थेचे हितचिंतक होते. आफ्रिकन माणूस या देशात कष्ट करतो, कर भरतो आणि त्याच्यावाचून गोऱ्यांचे एक दिवसही चालणार नाही, असा या भाषणाचा आशय होता. ते ऐकून गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये डुबे यांच्याविषयी आदराने लिहिले. स्वतःच्या मेहनतीने डुबे यांनी फिनिक्सजवळ तीनशे एकरांहून अधिक जमीन मिळवली आणि आपल्या बांधवांना ते कलाकौशल्याचे शिक्षण देतात, याची दखल घेतली. फिनिक्सचा अभिमान बाळगणाऱ्या आपण मात्र हेही नोंदवायला हवे की या दोन शेजाऱ्यांचे राजकारण वेगवेगळ्या वाटांनी गेले. ‘इलांगा’मध्ये भारतीय व्यापाऱ्यांविषयी कडवट लिखाण येई आणि त्या वर्षांत गांधीजीही भारतीयांचा लढा आफ्रिकनांच्या लढ्यापासून वेगळा ठेवत होते.

तरीही एक भेट घडली आणि तिचे महत्त्व महाराष्ट्राला कळावे असे मला मनापासून वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. गांधीजींबरोबर फिनिक्सला आलेले असताना ते ओहलांगेलाही गेले. विद्यार्थ्यांनी त्यांना झुलू गाणी ऐकवली आणि गोखल्यांनी डुबे यांच्याशी आफ्रिकनांच्या प्रश्नावर चर्चा केली. त्याची बातमी ‘इलांगा’ने छापली. त्या वर्षाचा संदर्भ लक्षात घेतला की या भेटीचा अर्थ खुलतो. गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मार्च 1912 मध्ये फेटाळले गेले होते. सरकार शाळा काढणार नसेल तर समाजाने काय करायचे, हा प्रश्न पुण्याहून आलेल्या या शिक्षकापुढे तेव्हा ताजा होता. इनांडाच्या उतारावर त्याचे एक उत्तर त्यांच्यासमोर गात होते.

डुबे यांच्यासाठीही ते वर्ष मोठे होते. 8 जानेवारी 1912 रोजी ब्लूमफाँटेन येथे साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेसची, म्हणजे पुढच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची स्थापना झाली आणि सभेला हजर नसतानाही डुबे पहिले अध्यक्ष निवडले गेले. पद स्वीकारताना त्यांनी बुकर वॉशिंग्टन हेच आपले आदर्श असल्याचे लिहिले. शाळेचा मुख्याध्यापक देशव्यापी संघटनेचा प्रमुख झाला होता आणि त्याची झळ शाळेला सोसावी लागली. 1906 च्या नाताळमधील करविरोधी बांबाथा उठावाच्या वेळी ‘इलांगा’तल्या लिखाणावरून गव्हर्नरने त्यांना बोलावून तंबी दिली होतीच. आता 1913 चा नेटिव्ह्ज लँड ॲक्ट आला. देशातील सुमारे सात टक्के जमीन आफ्रिकनांसाठी राखून उरलेल्या ठिकाणी त्यांना जमीन खरेदीची बंदी झाली. स्वतःच्या जमिनीवर कष्ट हा ज्या शाळेचा पाया, तिच्या मुळावरच हा घाव होता. 1914 मध्ये डुबे शिष्टमंडळ घेऊन लंडनला गेले, पण ब्रिटिश सरकारने दाद दिली नाही. दरम्यान शाळेचा दैनंदिन भार त्यांचे बंधू चार्ल्स डुबे यांनी वाहिला. संस्थेच्या इतिहासात चार्ल्स यांचे नाव क्वचित घेतले जाते. संस्थापक वर्षानुवर्षे दौऱ्यांवर असताना वर्ग भरत राहिले, याचे श्रेय त्यांना आणि त्यांच्या सहकारी शिक्षकांना दिले पाहिजे.

या काळातली सर्वांत झळाळती गोष्ट म्हणजे गायकवृंद. रुबेन कालुझा हा एडनडेलचा मुलगा ओहलांगेत शिकला, 1915 च्या सुमारास तिथेच शिकवू लागला आणि त्याने शाळेच्या गाण्याचे रूप पालटले. स्तोत्रांची सुरावट, झुलू गीत आणि शहरातले नवे ताल यांचा त्याने मेळ घातला. जमीन कायद्यावर, शहराकडे जाणाऱ्या तरुणांवर, रोजच्या जगण्यावर त्याने गाणी रचली. लँड ॲक्टवरचे त्याचे गाणे काँग्रेसच्या सभांत गायले जाई. सुट्ट्यांत हा वृंद डर्बन, जोहान्सबर्गपर्यंत दौरे करी आणि जमलेल्या पैशातून शाळेचा खर्च भागे. एनोक सोंटोंगा यांचे ‘न्कोसी सिकेलेल इ आफ्रिका’ गावोगाव पोहोचवण्यात या वृंदाचा मोठा वाटा आहे. आज ते दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रगीताचा भाग आहे. 1930 मध्ये कालुझांनी लंडनला जाऊन एचएमव्हीसाठी सुमारे 150 गाणी ध्वनिमुद्रित केली. सुतारकामाच्या शाळेतून संगीतकार कसा निघाला असे कोणी विचारील. रोज ठरल्या वेळी तालीम, सर्वांनी एकत्र श्वास घेणे, चूक झाली की पहिल्यापासून सुरू करणे, या सगळ्याला कार्यशाळेइतकीच चिकाटी लागते. ओहलांगेने ती दोन्हीकडे लावली.

अल्बर्ट लुथुली 1914 मध्ये इथे काही काळ शिकले. पुढे ते काँग्रेसचे अध्यक्ष आणि नोबेल शांतता पारितोषिकाचे पहिले आफ्रिकन मानकरी झाले. लेखक आणि पत्रकार रोल्फस ढ्लोमो हेही इथलेच. त्यांनी पुढे ‘इलांगा’चे संपादन केले.

पैशाची चणचण कधी सुटली नाही. त्यातच 1917 मध्ये डुबे यांना काँग्रेसचे अध्यक्षपद सोडावे लागले. वंशवार जमीन वेगळी करण्याच्या तत्त्वाला ते पुरेसा विरोध करत नाहीत, हा त्यांच्यावरचा मुख्य आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. त्याच सुमारास मुलींचे वसतिगृह झाले आणि मुलींना रीतसर प्रवेश मिळू लागला. 1920 च्या दशकात सरकारी अनुदान स्वीकारले गेले आणि त्याबरोबर सरकारी देखरेख आली. शिक्षकांचे पगार नियमित झाले, पण काय शिकवायचे हे ठरवणारे टेबल इनांडाहून दूर गेले. संस्थेने त्या वेळी दुसरे काय करायला हवे होते, याचे उत्तर मला सापडत नाही. पगाराविना शिक्षक किती वर्षे टिकणार?

डुबे यांनी मात्र या वर्षांत लेखणीने शाळेचा परीघ वाढवला. ‘इसिता सोमुन्टू न्गुये उकोबो ल्वाखे’ या झुलू पुस्तकात त्यांनी आपल्या समाजाला आतून तपासले. फुटीरपणा, उधळपट्टी, परावलंबन या गोष्टींवर त्यांनी कठोरपणे लिहिले. ‘इन्सिला का शाका’ (1930) ही झुलू भाषेतील पहिली छापील कादंबरी मानली जाते. ‘उकुझिफाथा काहले’ या पुस्तकात त्यांनी चांगल्या वागणुकीचे धडे लिहिले. वर्गात पाऊल न टाकलेल्या माणसालाही ओहलांगेचे वळण पोहोचावे, ही त्यामागची धडपड. आजच्या वाचकाला त्यातला उपदेशकी सूर खटकेल आणि समाजाच्या दुःखाचे मूळ समाजाच्याच सवयींत शोधताना कायद्यांनी केलेला अन्याय फिका पडतो, ही टीकाही रास्त आहे. पण हे लिहिणारा माणूस त्या कायद्यांविरुद्ध लंडनपर्यंत जाऊन आला होता, हेही विसरता येत नाही. 1936 मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ साउथ आफ्रिकाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. हा मान मिळालेले ते पहिले आफ्रिकन. 11 फेब्रुवारी 1946 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी ओहलांगेतच आहे.

1953 च्या बांटू एज्युकेशन ॲक्टने आफ्रिकन मुलांचे शिक्षण पूर्णपणे वर्णद्वेषी सरकारच्या मुठीत नेले. मुलाला मजूर म्हणून जेवढे लागेल तेवढेच शिकवायचे, हे धोरण आता उघडपणे सांगितले जाऊ लागले. डुबे ज्या शाळेत शिकले होते ते अमान्झिमटोटीचे ॲडम्स कॉलेज 1956 मध्ये बंद पडले. ओहलांगे सरकारी शाळा म्हणून टिकली, पण स्थापनेच्या वेळचा आशय त्या अभ्यासक्रमात उरला नाही. इनांडा दाटीवाटीची वस्ती होत गेला. ऑगस्ट 1985 च्या दंगलीत फिनिक्स वसाहत जाळली गेली. या सगळ्या काळात ओहलांगे हायस्कूलचे वर्ग भरत होते.

27 एप्रिल 1994 रोजी आयुष्यातले पहिले मत देण्यासाठी नेल्सन मंडेलांनी ही शाळा निवडली. मतदान केंद्र शाळेच्या सभागृहात होते. त्या दिवशी ते डुबे यांच्या समाधीपाशी गेले आणि देश स्वतंत्र झाल्याची वर्दी आपण पहिल्या अध्यक्षांना देत आहोत, अशा आशयाचे शब्द बोलले.

संस्थेच्या इतिहासातली एक बाजू मात्र फार उशिरा दुरुस्त झाली. नोकुटेला आणि जॉन यांच्या संसारात पुढे दुरावा आला. त्या इनांडा सोडून ट्रान्सवालला गेल्या आणि जानेवारी 1917 मध्ये जोहान्सबर्गला वारल्या. ब्रिक्स्टन दफनभूमीत त्यांची कबर नावाविना राहिली. नोंदवहीत होता तो एक क्रमांक आणि वंशवाचक शिवीचा शब्द. जवळजवळ शंभर वर्षे शाळेच्या कहाणीत एकच संस्थापक होता. अमेरिकेत प्राध्यापक असलेले मालीचे शेरिफ केइटा यांनी डुबे यांच्यावर चित्रपट केला, त्या कबरीचा शोध लावला, नोकुटेलांवर स्वतंत्र चित्रपट केला आणि 2013 मध्ये तिथे नावाचा दगड बसला. 2017 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. अमेरिकेतल्या चर्चमधून गाऊन ज्यांनी या शाळेच्या पहिल्या भिंतींचा पैसा जमवला, त्यांचे नाव संस्थापक म्हणून जॉन यांच्या बरोबरीने छापले गेले पाहिजे.